विद्यापीठ कोणाच्या पैशावर?



आमच्या रामदासपेठेंत नागपूर विद्यापीठाचें ग्रंथालय आहे. सकाळीं फिरावयास निघालों म्हणजे त्याच्या आसपास खेड्यापाड्यांतून आलेलीं मुलें मला दिसतात. पाठीवर पिशवी, पिशवींत जेवणाचा डबा, आणि हातांत कोपरे दुमडलेलें एखादें पुस्तक. त्यांपैकीं एकाशीं माझी थोडी ओळख झाली. तो काटोलकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. पदवी मिळून दोन वर्षें झालीं आहेत. आतां नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास चालू आहे. मीं सहज विचारलें, "कां रे, एवढें शिकलास, गांवाकडे परत जाण्याचा विचार आहे कीं नाहीं?" तो हंसून म्हणाला, "काका, गांवीं जाऊन काय करायचं, हें तर कुठल्याच पुस्तकांत नाहीं."

त्याच्या बोलण्यांत उर्मटपणा नव्हता, तक्रारहि नव्हती. परंतु तें वाक्य माझ्या मनांतून जाईना. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें शिकलों नाहीं. सारा जन्म शाळेंत गेला, पण विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून कधीं चढलों नाहीं. मग विद्यापीठाविषयीं बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असें कोणी विचारील. अधिकार एवढाच, कीं ज्यांना विद्यापीठ पदव्या वाटतें त्यांना मुळाक्षरें आम्हीं शिकविलेलीं असतात.

नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजीं स्थापन झालें. त्यापूर्वीं नागपूरच्या महाविद्यालयांचे विद्यार्थी आधीं कलकत्ता आणि पुढें अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षांना बसत. हिस्लॉप कॉलेज १८८३ चें आणि मॉरिस कॉलेज १८८५ चें. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षें आमचीं मुलें दुसऱ्याच्या दाराशीं उभीं राहून पदवी मागत होतीं. नवें विद्यापीठ झालें तेव्हां सहा महाविद्यालयें आणि ९२७ विद्यार्थी एवढाच त्याचा संसार होता. पहिले कुलगुरु सर बिपिन कृष्ण बोस. प्रांत मात्र केवढा! मध्यप्रांत आणि वऱ्हाड मिळून जबलपूरपासून अमरावतीपर्यंतचा सारा मुलूख त्याच्या कक्षेंत होता. एवढ्या मुलुखांतील लक्षावधि कुटुंबांनीं जमीनमहसूल, मिठावरचा कर, जंगलाची पट्टी भरावी, आणि त्यांतून जें उभें राहावें त्याचा लाभ नऊशें सत्तावीस जणांना व्हावा, असा तो हिशेब होता.

हा हिशेब मी नव्यानें मांडीत नाहीं. नागपूर विद्यापीठाच्या जन्माच्या एक्केचाळीस वर्षें आधीं, १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं, महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढें लेखी निवेदन सादर करून तो मांडला होता. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामांतून येतो, वरच्या वर्गांचा त्यांत वांटा अल्प असतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर सढळ हातानें होतो, असा त्यांचा आक्षेप होता. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें असावें, मास्तर शक्य तितके शेतकरी वर्गांतून घ्यावे, अभ्यासक्रमांत शेतीचें ज्ञान असावें, हीं त्यांचीं मागणीं पुष्कळांस ठाऊक आहेत. ज्याकडे सहसा लक्ष जात नाहीं असें एक कलम त्या निवेदनांत आहे, आणि तें मला विशेष महत्त्वाचें वाटतें. मुंबई विद्यापीठानें प्रवेशपरीक्षेला खासगी रीतीनें अभ्यास केलेल्यांना बसूं दिलें होतें. तीच सवलत वरच्या परीक्षांनाहि द्यावी, असें फुल्यांनीं सुचविलें. त्याचा अर्थ असा, कीं ज्याला दिवसभर पोटासाठीं राबावें लागतें त्यालाहि रात्रीं दिव्याशीं बसून पदवीपर्यंत पोंचतां यावें. विद्यापीठानें गरिबांकडे उपदेशक पाठवावे असें ते म्हणाले नाहींत. दाराची कडी थोडी सैल करा, एवढेंच म्हणाले.

आज नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रस्त्यावरील विस्तीर्ण आवाराला त्याच फुल्यांचें नांव दिलेलें आहे. ज्यानें हिशेब मागितला त्याचें नांव फाटकावर लावून कित्येकदां हिशेब मिटविला जातो. तसें येथें घडलें कीं नाहीं, हें श्रोत्यांनींच ठरवावें.

आतां पैशाचीच गोष्ट निघाली आहे तर कामठीचे रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांचें स्मरण केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. विद्यापीठ अवघें सात वर्षांचें होतें. १९३० सालीं या गृहस्थांची देणगी विद्यापीठाला मिळाली, ती ३५,१९,३५८ रुपयांची. उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र यांच्या शिक्षणासाठीं हा पैसा वापरावा अशी त्यांची इच्छा होती. त्या काळीं प्राथमिक शाळेच्या मास्तराला महिना कसाबसा विसा-पंचविसांत काढावा लागे, हें लक्षांत घेतलें म्हणजे पस्तीस लाख म्हणजे काय याची थोडी कल्पना येईल. देवळांना आणि धर्मशाळांना देणग्या देणारे धनिक आपल्याकडे कमी नव्हते. परंतु प्रयोगशाळेसाठीं एवढी संपत्ति देणारा माणूस विरळाच. प्रत्यक्ष संस्था उभी राहावयास १९४२ साल उजाडावें लागलें. पण झाली ती मोलाची झाली. लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेंत तेलाचें तंत्र शिकवूं लागले. पुढें अन्न, कागद, रंग, खनिज तेल अशा शाखांची भर पडली. जवस, तीळ आणि सरकी ज्या मुलुखांत पिकते त्या मुलुखाला तेलाचें शास्त्र शिकविणें, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाशीं विद्येची गांठ घालून देणें होय. ही गांठ खेड्यांतल्या घाणीपर्यंत किती पोंचली आणि कारखानदारांच्या दाराशींच किती राहिली, हा वेगळा प्रश्न आहे. माझ्या समजुतीप्रमाणें ती बहुतांशीं कारखान्यापाशींच राहिली. २०२३ सालीं या संस्थेचें स्वतंत्र विद्यापीठांत रूपांतर झालें. दात्याचें नांव मात्र अजूनहि तिच्या कपाळावर आहे, आणि तें योग्यच आहे.

कामठीहून नागपूरला येणाऱ्या वाटेवर त्याच सुमारास आणखी एक व्यक्ति चालत होती. जाईबाई चौधरी तिचें नांव. जन्म १८९२ चा, उमरेडचा. अस्पृश्य मानलेल्या समाजांतला. दुष्काळानें कुटुंब नागपूरला आणलें. लहानपणींच लग्न झालें, आणि ही मुलगी नागपूर व कामठी यांच्या दरम्यान डोक्यावर ओझीं वाहूं लागली. हें अंतर नऊ-दहा मैलांचें आहे. ग्रेगरी नांवाच्या एका मिशनरी बाईनें तिच्यांतील हुशारी हेरून तिला शाळेंत शिक्षिका केलें; महिना चार रुपये. शिकविणारी बाई कोणत्या जातीची, हें पालकांना कळलें मात्र, आणि त्यांनीं बहिष्कार घातला. नोकरी गेली. मग जाईबाईंनीं १९२२ सालीं चोखामेळ्याच्या नांवानें स्वतःची कन्याशाळा काढली. त्यांच्याहि आधीं, १९०७ सालीं, मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे यांनीं पांचपावलींत मुलींची शाळा सुरू केली होती. म्हणजे नागपूर विद्यापीठाचा कायदा होण्याच्या सोळा वर्षें आधीं पांचपावलींत मुलींची शाळा भरत होती, आणि तिच्यासाठीं कोणी पस्तीस लाख दिलेले नव्हते.

जाईबाईंची आणखी एक हकीकत सांगितली पाहिजे. ती आपणां सुशिक्षितांना सुखाची नाहीं. १९३७ च्या डिसेंबरांत अखिल भारतीय महिला परिषदेचें अधिवेशन नागपुरांत भरलें. देशांतल्या पदवीधर, सुविद्य, सुधारक म्हणविणाऱ्या स्त्रिया त्याला आल्या होत्या. जाईबाईहि प्रतिनिधि म्हणून गेल्या. जेवणाच्या वेळीं त्यांची पंगत वेगळी मांडली गेली. अपमान गिळून घरीं बसणाऱ्या त्या बायका नव्हत्या. १९३८ च्या पहिल्याच दिवशीं नागपुरांत त्यांच्या समाजांतील स्त्रियांची निषेधसभा भरली. विद्येनें माणूस मोठा होतो असें आम्ही मास्तर लोक फळ्यावर लिहितों. त्या पंगतींत विद्या पुष्कळ होती.

मग १९४२ साल आलें. ज्या वर्षीं लक्ष्मीनारायण संस्था सुरू झाली त्याच वर्षीं, जुलैच्या १८ ते २० तारखांना, नागपूरच्या मोहन पार्कांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितींत अखिल भारतीय दलित वर्गांची परिषद झाली. तिच्या जोडीनें महिलांची परिषद भरली. अध्यक्षस्थानीं अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारों स्त्रिया जमल्या होत्या, त्यांत गिरणींत काम करणाऱ्याहि होत्या. नागपूर हें १८७७ पासून एम्प्रेस मिलचें गांव. येथील पुष्कळ घरें त्या भोंग्यावर उठत असत. या परिषदेनें काय मागितलें तें पाहण्यासारखें आहे. घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीकत्वाला कायद्यानें बंदी मागितली, गिरणींतील बायकांना भरपगारी रजा मागितली. आणि त्याच ओळींत शिष्यवृत्त्या आणि मुलींसाठीं सरकारी खर्चानें वसतिगृहें मागितलीं.

वसतिगृहाचा हा मुद्दा आपण शहरांत राहणारे लोक क्षुल्लक समजतों. आपल्या मुलाला कॉलेजांत जावयाचें म्हणजे सायकल काढून जावयाचें. खेड्यांतून आलेल्या मुलापुढें पहिला प्रश्न गणिताचा किंवा इंग्रजीचा नसतो. रात्रीं निजावयाचें कोठें, हा असतो. आणि ज्याची जात ऐकून खोलीचा मालक दार लावून घेई त्याला तर महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज म्हणजे केवळ कागद होता. मीं चाळीसएक वर्षें मुलें शिकविलीं. त्यांपैकीं जीं पुढें गेलीं त्यांची गणना करूं लागलों तर असें आढळतें, कीं बुद्धीनें सर्वांत तीक्ष्ण तीं नव्हतीं. ज्यांना शहरांत टेकावयास जागा मिळाली तींच होतीं. माझ्या एका वर्गांत पहिला येणारा मुलगा आज गवंडीकाम करतो. भेटला म्हणजे वाकून नमस्कार करतो, आणि मला खालीं पाहावेंसें वाटतें.

या बाबतींत विद्यापीठांपेक्षां इतरांनींच अधिक केलें, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या हिंदुस्थान सरकारनें १९४४ पासून सुरू केल्या. त्यामागें व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत असलेल्या बाबासाहेबांचा आग्रह होता. वऱ्हाडांत डॉ. पंजाबराव देशमुख यांनीं १९३२ सालीं श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली, आणि कुणब्यामाळ्यांच्या मुलांसाठीं जिल्ह्याजिल्ह्यांत शाळा-महाविद्यालयें निघालीं. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला ज्या भूमीवर धर्मांतराचा सोहळा झाला, तेथेंच १९६४ सालीं डॉ. आंबेडकरांच्या नांवाचें महाविद्यालय उभें राहिलें. तें रामदासपेठेपासून फार दूर नाहीं. ज्या घराण्यांत त्यापूर्वीं सहीचा अंगठा होता, त्या घराण्यांतील पहिले पदवीधर तेथून बाहेर पडले. विद्यापीठानें या सर्वांना संलग्नता दिली, परीक्षा घेतल्या, पदव्या दिल्या. हें काम लहान नाहीं. पण चाल बाहेरच्यांनीं केली आणि शिक्का विद्यापीठानें मारला, असाच क्रम दिसतो.

विद्यापीठ स्वतः उठून गांवाकडे कधीं गेलें कीं नाहीं? गेलें. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, देशांतील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली; पुढें ती सर्वत्र पसरली, आणि महाविद्यालयांचीं शिबिरें खेड्यांत भरूं लागलीं. मी ज्या गांवीं नोकरीस होतों तेथेंहि एका महाविद्यालयाचें असें शिबिर आलें होतें. मुलें मोठीं उत्साही. दहा दिवस शाळेच्या खोल्यांत उतरलीं, सकाळीं प्रभातफेरी, दुपारीं श्रमदान, रात्रीं भजन. विहिरीजवळ त्यांनीं शोषखड्डा खणला. खड्डा कोठें खणावा हें त्यांनीं कोणाला विचारलें नव्हतें. पहिल्याच पावसांत वरचें सारें पाणी त्यांत आलें, आणि आषाढ अर्धा होण्यापूर्वीं तो बुजविण्याची पाळी गांवावर आली. माझी त्या मुलांविषयीं तक्रार नाहीं. त्यांपैकीं दोघेतिघे पुढें कित्येक वर्षें मला पत्रें पाठवीत असत. एका शिबिरार्थी मुलीनें तर पुढच्या उन्हाळ्यांत स्वतःच्या खर्चानें येऊन बायकांचा साक्षरतेचा वर्ग चालविला.

दुसरी एक आठवण मात्र मला अजून बोचते. एक संशोधक गृहस्थ त्याच गांवीं आले. प्रबंधासाठीं माहिती पाहिजे होती. मास्तर म्हणून मीं त्यांना घरोघर फिरविलें; दोन दिवसांत साठ घरांचे तक्ते भरून झाले. कर्ज किती, तें कोणाकडून काढलें, मुलगी शाळेंतून कोणत्या वर्षीं काढली, घरांत दूध येतें कीं विकलें जातें, असे सगळे प्रश्न. लोकांनीं माझ्या तोंडाकडे पाहून उत्तरें दिलीं. मला वाटलें, एवढ्या माहितींतून गांवाला आपलें स्वतःचें कांहीं कळेल. प्रबंध झाला, त्या गृहस्थांना पदवी मिळाली, असें मीं ऐकलें. गांवाला त्याची प्रत आली नाहीं, पत्रहि आलें नाहीं. एक म्हातारी मला बरीच वर्षें विचारीत असे, "गुरुजी, त्या साहेबानं आपल्या कर्जाचं काय केलं?"

२००५ सालीं नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव देण्यांत आलें. यावळीचा हा माणूस शाळेंत फारसा शिकला नव्हता. मोझरीला गुरुकुंज उभारून त्यानें खंजिरीवर भजनें म्हणत म्हणत गांवें झाडून काढावयास लावलीं, आणि १९५५ च्या सुमारास ग्रामगीता लोकांच्या हातीं दिली. विद्यापीठाला अशा माणसाचें नांव मिळावें यांत मला मोठा अर्थ दिसतो. परंतु ग्रामगीता म्हणजे समारंभांत वांटावयाचें पुस्तक नव्हे. तींत पाण्यापासून शाळेपर्यंत गांवच्या प्रत्येक कामाचा विचार आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानें आजीवन अध्ययन व विस्तार यांसाठीं प्रत्येक विद्यापीठांत मंडळ असावें असें ठरविलें आहे. कायदा चांगला आहे. मंडळाच्या बैठकींत गांवचा माणूस बसतो कीं त्याच्याविषयीं ठराव होतात, यावर सारें अवलंबून आहे.

गांवचा माणूस बसला तर काय होतें, याचें उदाहरण शोधावयास फार लांब जाण्याचें कारण नाहीं. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) नांवाचें गोंडांचें लहानसें गांव आहे. हा जिल्हा २०११ पर्यंत नागपूर विद्यापीठाच्याच कक्षेंत होता. तेथें देवाजी तोफा आणि दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारानें अनेक वर्षें अभ्यासगट चालले. जंगल, पाणी, कायदा, दारू, गांवचा कारभार, ज्या विषयाची अडचण येई त्याचा अभ्यास गांवकरी करीत. बाहेरच्या जाणत्यांना बोलावीत, त्यांचें ऐकून घेत, त्यांना प्रश्न विचारीत. निर्णय मात्र ग्रामसभेंत आणि सर्वसहमतीनें होई. एकाचाहि विरोध असला तर थांबावयाचें. या अभ्यासाचें फळ काय? २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर जंगलावर मेंढा गांवाचा सामूहिक हक्क मान्य झाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशांतील अगदीं पहिल्या गांवांपैकीं तें एक आहे.

हक्क मिळाला तरी बांबू विकतां येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातीं. बांबू हें गवत कीं झाड, असा वाद चालला होता. ज्या गांवानें कायदा शब्दाशब्दानें वाचला होता त्याला यांत गोंधळून जाण्याचें कारण नव्हतें. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्याला गेले, आणि परवान्याचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं दिलें गेलें.

त्याच वर्षीं, सप्टेंबरांत, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे नागपूर विद्यापीठापासून वेगळे काढून गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन करण्यांत आलें. म्हणजे गांवाच्या हातीं परवाना आधीं पडला, विद्यापीठ पांच महिन्यांनीं आलें. त्या विद्यापीठानें अलीकडे ग्रामसभांच्या सक्षमीकरणाचा कार्यक्रम हातीं घेतला आहे, आणि वनहक्क मिळालेल्या गांवांना हिशेब ठेवणें, जंगलाचा आराखडा करणें, वनोपजाचा व्यवहार करणें यांत साहाय्य देण्याचा त्याचा प्रयत्न आहे. मी तिकडे जाऊन पाहिलेलें नाहीं. जावयाची इच्छा आहे.

काटोलच्या त्या मुलाला मीं गेल्या आठवड्यांत मेंढ्याची ही हकीकत सांगितली. त्यानें पुस्तक मिटलें आणि ऐकून घेतलें. मग विचारलें, "काका, आमच्या गांवाला जंगल नाहीं. संत्र्याच्या बागा आहेत, आणि पाणी खोल गेलंय. त्याचा असा अभ्यास कोणी केलाय का?" मला माहीत नव्हतें. आंत जाऊन ग्रंथपालांना विचारूं असें ठरलें. आणि तेवढ्यांत ग्रंथालयाचें दार उघडलें.